टरफलाच्या आतला रंग

शेतातली बहुतेक पिकं आपलं पिकणं लपवत नाहीत. ज्वारीचा दाणा दाताखाली टणक लागतो, गव्हाची ओंबी पिवळी पडते, आंब्याला पाड लागला की माणसांआधी पाखरांना कळतं. भुईमुगाचं सगळंच उलट. फूल वर येतं आणि शेंग खाली धरते. पेरल्यापासून पंचवीस-तीस दिवसांत पिवळी फुलं लागतात, फुलाच्या बुडातून आरी निघते, ती वाकून मातीत शिरते आणि तिच्या टोकाला शेंग पोसायला लागते. त्यानंतरचे दोन महिने शेतकऱ्याला दिसतो तो फक्त पाला. ज्यासाठी सगळा खटाटोप केला, ते मातीखाली काय करतंय हे त्याला कळत नाही.

म्हणून भुईमूग कधी काढायचा हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. घाई केली तर दाणा पोचट निघतो, वाळल्यावर सुरकुततो, वजन भरत नाही आणि तेलही कमी सुटतं. उशीर केला तर आऱ्या कुजतात, वेल उपटताना शेंगा मातीतच तुटून राहतात. आपल्याकडे जास्त लावल्या जाणाऱ्या उपट्या जातींच्या दाण्याला सुप्तावस्था जवळजवळ नसतेच. जमिनीत ओल असेल तर पिकलेला दाणा तिथंच, शेंगेच्या आतच मोड काढतो. म्हणजे चार महिन्यांच्या कष्टाचा निकाल शेवटच्या आठ-दहा दिवसांत लागतो.

पहिला आधार दिवसांचा. जळगावच्या संशोधन केंद्रातून आलेली जेएल-२४, जिला फुले प्रगती म्हणतात, ती खरिपात नव्वद ते शंभर दिवसांत येते. जुनी एसबी-११ एकशे पाच ते एकशे पंधरा दिवस घेते. टॅग-२४ ही ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांनी मिळून काढलेली जात. तिच्या नावातली पहिली दोन अक्षरं या दोन गावांचीच आहेत. ती खरिपात शंभर-एकशे पाच दिवसांची, पण उन्हाळ्यात दहा-बारा दिवस जास्त घेते. जानेवारीत पेरलं आणि थंडी लांबली तर उगवणच रेंगाळते, मग पुढचं सगळं वेळापत्रक सरकतं. कराड ४-११ सारखी पसरी जात तर चार महिन्यांच्या पुढे जाते. तेव्हा बियाण्याच्या पिशवीवर छापलेले दिवस म्हणजे अंदाज. त्या दिवसाला काढणी करायची नसते, त्या दिवसाच्या पंधरवडाभर आधीपासून तपासणी सुरू करायची असते.

दुसरा आधार पाल्याचा, आणि सगळ्यात जास्त फसवतो तोही हाच. पीक पक्व झालं की पाला पिवळा पडतो, खालची पानं गळतात, हे खरं आहे. पण टिक्का आला तरी पानं गळतात. तांबेरा आला तरी पानं करपतात. चुनखडीच्या रानात लोह कमी पडलं तर पीक दीड महिन्याचं असतानाच पिवळं दिसतं. पावसानं ताण दिला की पाला माना टाकतो. बांधावर उभं राहून बघणाऱ्याला ही सगळी शेतं सारखीच पिवळी दिसतात. उलट एखादं शेत शेवटपर्यंत हिरवंगार राहतं आणि खाली शेंगा कधीच्या तयार होऊन आऱ्या सोडायला लागलेल्या असतात. माझी अम्मी घरातल्या दखनीत म्हणायची, "पत्त्यां झूट बोलते, फल्ली नै बोलती." पानं खोटं बोलतात, शेंग बोलत नाही.

शेंगेला विचारायचं कसं, हे मी तिच्याकडून शिकलो. शेताच्या कडेचे वेल घ्यायचे नाहीत. कडेला ऊन आणि मोकळी जागा जास्त मिळते, तिथलं पीक पुढे असतं. आत शिरून चार कोपऱ्यांतले आणि मधले असे आठ-दहा वेल उपटायचे. ओढून नाही, खुरप्यानं भोवतीची माती सैल करून, म्हणजे शेंगा तुटून खाली राहणार नाहीत आणि हिशेब चुकणार नाही. मग त्या वेलांवरच्या शेंगा तोडायच्या. मोठ्या, टपोऱ्या निवडून घ्यायच्या नाहीत. ज्या शेंगेत दाणा धरलाय ती प्रत्येक शेंग मोजायची. एकेक फोडायची आणि आधी दाण्याकडे न बघता टरफलाच्या आतल्या बाजूकडे बघायचं.

कोवळ्या शेंगेचं टरफल आतून पांढरं, जाड आणि स्पंजासारखं असतं, नखानं दाबलं तर पाणी सुटतं. दाणा भरत जातो तसा तो या स्पंजाला दाबत जातो. स्पंज वाळतो, पातळ होतो आणि त्यावर तपकिरी डाग उमटायला लागतात. पूर्ण भरलेल्या शेंगेत टरफलाची आतली बाजू काळपट तपकिरी होते, जणू आत कुणी काजळीचं बोट फिरवलंय. दाण्याची सालही फिकट पांढुरकी न राहता जातीप्रमाणे गुलाबी रंगावर येते. बाहेरून शेंग टणक लागते आणि तिच्यावरच्या शिरा उठून दिसतात. शंभरातल्या पंचाहत्तर-ऐंशी शेंगा आतून अशा काळवंडल्या की काढणीचा दिवस आला.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात भुईमूग मोठ्या प्रमाणावर होतो. तिथल्या संशोधकांनी १९८१ मध्ये याच तत्त्वावर एक पद्धत मांडली. शेंग फोडायची नाही, तिची वरची साल खरवडायची आणि खालच्या थराचा रंग बघायचा. पांढरा, पिवळा, नारिंगी, तपकिरी, काळा अशा क्रमानं शेंगा एका फळीवर मांडायच्या आणि पीक कुठवर आलंय ते ठरवायचं. मी हे पुष्कळ वर्षांनी वाचलं. अम्मी ते कधीच वाचणार नव्हती. पण ओसरीवर सूप उलटं घालून त्यावर ती फोडलेल्या टरफलांच्या दोन रांगा लावायची, एक गोरी आणि एक काळी, आणि मोजायची.

आता प्रश्न पडतो की शंभरातल्या शंभर का नाहीत? कारण भुईमूग एका दिवसात फुलत नाही. पहिलं फूल आल्यापासून कित्येक आठवडे तो फुलतच राहतो. एकाच वेलावर दोन महिन्यांची थोरली शेंग असते आणि दोन आठवड्यांची धाकटीही. धाकटी पिकेपर्यंत थांबलात तर थोरली आरी सोडून मातीत राहते किंवा मोड काढते. म्हणून कधीतरी हिशेब करून म्हणावं लागतं की एवढ्या माझ्या, आणि एवढ्या गेल्या. तो आकडा डोळ्यांनी बघून ठरवायचा की कुणाच्या सांगण्यावरून, यात सगळा फरक आहे.

आमच्या घरावर हा प्रश्न एकदा फार जड होऊन आला. मी बारावीत होतो. अब्बांना कराडला दवाखान्यात ठेवलं होतं आणि दर दोन-तीन दिवसांनी पैसे लागत होते. दोन एकरांवर एसबी-११ होती, जिरायत, जूनच्या शेवटच्या आठवड्यात पेरलेली. सप्टेंबर संपता संपता पीक पंच्याण्णव दिवसांचं झालं. त्या वर्षी टिक्का जोरात होता, खालची पानं झडली होती, वरची पिवळी दिसत होती. तालुक्याचा एक व्यापारी बांधावर आला आणि उभं पीक उक्तं मागायला लागला. काढणी त्याची, तोडणी त्याची, वाहतूक त्याची. आम्ही फक्त पैसे मोजून घ्यायचे. तेही तिथल्या तिथं.

"वहिनी, पाला बघा की. पीक झालंय. दादा दवाखान्यात, तुम्ही एकट्या. पाऊस आला तर हातात काय राहील?" तो म्हणाला. त्यात खोटं असं काही नव्हतं. पाऊस येणारच होता. आणि तो माल घेऊन जाणार होता तो ओल्या शेंगांच्या बाजाराला. उकडून खायला थोडी कोवळी शेंग गोडच लागते. त्याच्या कामासाठी ते पीक तयार होतं. आमच्या कामासाठी होतं का, हा प्रश्न वेगळा होता. आम्हाला वाळलेल्या शेंगा विकायच्या होत्या, घाण्यावर वर्षभराचं तेल काढायचं होतं आणि पुढच्या वर्षीचं बियाणं ठेवायचं होतं.

अम्मीनं त्याला बसायला सांगितलं. पदर खोचून शेतात गेली, दहा वेल घेऊन आली आणि त्याच्यासमोर शेंगा फोडायला बसली. शंभरात अठ्ठेचाळीस काळ्या निघाल्या. ती म्हणाली, "दादा, हे अर्धंच पीक आहे. तुम्ही याच मोजणीवर भाव करा, मी आज देते. नाहीतर पंधरा दिवसांनी या, परत मोजू."

तो हसला. "उक्त्यात मोजणी कसली, वहिनी?" म्हणाला आणि गेला.

त्या रात्री घरात कुणी धड जेवलं नाही. चुलते म्हणाले, द्यायला हवं होतं. आत्या म्हणाली, पीक काय, पुढच्या वर्षी परत येईल. अम्मीनं कुणाशी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं हातातल्या दोन बांगड्या गहाण ठेवायला दिल्या आणि दवाखान्याचे पैसे भरले. नंतर दर तीन दिवसांनी ती दहा वेल आणायची आणि सुपावर मोजायची. अठ्ठेचाळीसचे छप्पन्न झाले, मग चौसष्ट. शेजारच्या तात्यांनी आपला भुईमूग शंभराव्या दिवशीच उपटला. त्यांचंही चूक म्हणता येत नव्हतं, ढग तसेच होते. एकशे नवव्या दिवशी आमचा आकडा शहात्तर आला. त्याच संध्याकाळी ती गल्लीतल्या बायकांना सांगून आली की उद्या उजाडता या.

दीड एकर कोरड्यात निघालं. उरलेल्या अर्ध्या एकरावर चौथ्या दिवशी पाऊस कोसळला आणि रान आठवडाभर वाफशावर आलं नाही. तिथल्या शेंगांत मोड निघाले, काहींवर बुरशी धरली. म्हणजे थांबण्याची किंमत आम्ही मोजली. तरीही वाळवून वजन केल्यावर जे हातात आलं, ते उक्त्याच्या बोलीपेक्षा पुष्कळ जास्त होतं. बांगड्या दिवाळीनंतर सुटल्या. अब्बा घरी आले ते डिसेंबरात.

पुढे कधीतरी हदीसच्या पुस्तकांतला खरेदी-विक्रीचा भाग वाचताना मला तो बांध आठवला. मदिनेत लोक झाडावरची फळं पिकायच्या आधीच विकून टाकत. मग तोडणीच्या वेळी खरेदीदार यायचे आणि म्हणायचे, फळाला रोग पडला, फळ झडलं, आम्ही फसलो. भांडणं वाढली. तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी फळाची पक्वता दिसून येईपर्यंत त्याची विक्री करू नये असं सांगितलं. खजुराच्या बाबतीत ती खूण म्हणजे फळ लाल किंवा पिवळं होणं. कणसाच्या बाबतीत ते पांढरं पडणं. त्यामागचा सवाल साधा आहे. अल्लाहनं ते फळ होऊच दिलं नाही, तर तुम्ही आपल्या भावाचे पैसे कशाच्या बदल्यात घेतले?

तिथं नियम विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही वाचवतो. पण खजूर डोळ्यांसमोर लाल होतो. जे पीक मातीखाली आहे त्याचं काय? फिकहच्या अभ्यासकांना हा प्रश्न पडला होता. त्यांच्यापुढे मुळा, गाजर, कांदा होता, भुईमूग त्यांच्या मुलखात तेव्हा पोचलेला नव्हता. शाफई मताप्रमाणे असं पीक उपटून दिसल्याशिवाय विकता येत नाही. हनफी मतात मातीखाली ते आहे हे माहीत असेल तर सौदा होतो, पण बाहेर काढल्यावर बघून तो मोडण्याचा हक्क घेणाऱ्याकडे राहतो. मालिकी मत मला विशेष वाटलं. वरचा पाला बघा, त्यातलं थोडं उपटून बघा आणि मग त्या अंदाजावर सौदा करा. आपल्याकडे कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई आणि देशावरचे आम्ही हनफी. अम्मी जन्मभर हनफी पद्धतीनं नमाज पढली, पण त्या दिवशी सुपावर तिनं जे केलं ते मदिनेच्या इमाम मालिकांच्या मताशी जुळणारं होतं. तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्यात मत कसलं? न बघता कसं विकायचं?"

बाजारातली आणखी एक हदीस सगळ्यांना माहीत आहे. प्रेषितांनी धान्याच्या ढिगात हात घातला, वरचं धान्य कोरडं आणि आतलं ओलं लागलं. विकणारा म्हणाला, पाऊस लागला. तेव्हा त्याला सांगितलं गेलं की मग ओलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं. भुईमुगाच्या व्यवहारात हे रोजचं आहे. काढणीला शेंगेत पस्तीस-चाळीस टक्के ओल असते, ती आठ-नऊ टक्क्यांवर आणल्याशिवाय पोत्यात भरू नये असं कृषी विद्यापीठंही सांगतात. शेंग कानाशी धरून हलवली की दाणा खुळखुळला पाहिजे. ओलसर शेंग पोत्याच्या मध्यात गेली तर वजन वाढतं, पण आत पिवळसर-हिरवी बुरशी धरते. तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि ते यकृतावर घाव घालतं. त्या अर्ध्या एकरातल्या मोड आलेल्या आणि बुरशी धरलेल्या शेंगा अम्मीनं चांगल्या मालात मिसळू दिल्या नाहीत. मोडाच्या वेगळ्या विकल्या, भाव निम्मा आला. बुरशीच्या जनावरांनाही घातल्या नाहीत, खड्ड्यात पुरल्या. चुलते पुटपुटले की आडतीवर कोण एवढं बघतं. ती म्हणाली, "आडतीवर नसेल बघत."

आज पाऊसमान असं झालंय की दिवसांची मोजणी आणखीच कुचकामी ठरतेय. जूनची पेरणी जुलैत जाते, परतीचा पाऊस ऑक्टोबरभर रेंगाळतो. शेत आता माझा भाऊ आणि भावजय बघतात. सप्टेंबर लागला की भावजय व्हॉट्सअॅपवर फोडलेल्या टरफलांचे फोटो पाठवते, खाली फक्त आकडा लिहिते. मी शहरात बसून काही सांगू शकत नाही आणि तिला त्याची गरजही नसते. शेंगा उघडून बघण्याचं काम आमच्याकडे बायकांचं आहे आणि निर्णयही हळूहळू त्यांचाच झालाय. शेतीच्या सभांना मात्र अजून सातबाऱ्यावर नाव असलेल्यालाच बोलावतात.

काढणीच्या दिवसाशी आमच्या धर्मात एक हक्कही बांधलेला आहे. कुरआनच्या सहाव्या सूरेत, अनआमच्या १४१ व्या आयतीत, पिकाचा हक्क त्याच्या कापणीच्या दिवशीच देऊन टाकायला सांगितलंय. त्यालाच आपण उश्र म्हणतो. पावसावरचं पीक असेल तर दहावा हिस्सा, पाणी ओढून घातलं असेल तर विसावा. आपल्या देशातल्या जमिनींना उश्र लागू होतो की नाही यावर आलिमांमध्ये वाद आहेत. अब्बा त्या वादात पडत नसत. खळ्यावर पहिली दहा पाट्या माप झालं की एक पाटी बाजूला, असा त्यांचा हिशेब. त्या वर्षी अब्बा खळ्यावर नव्हते. बांगड्या गहाण होत्या, अर्धा एकर भिजलेला होता, तरी अकरावी पाटी भरण्याआधी अम्मीनं एक पाटी बाजूला सारली.

आणि उश्राच्या पलीकडे सरवा असतो. वेल उपटून झाल्यावर मातीत ज्या शेंगा राहतात त्या वेचायला गावातल्या म्हाताऱ्या बायका, पोरंबाळं येतात. काही शेतकरी लगेच कुळव मारून त्या शेंगा स्वतः वेचून घेतात किंवा जनावरं सोडतात. आमच्या रानात दोन दिवस कुळव जात नाही. हा नियम दादीपासूनचा, त्याला कधी कुणी कारण विचारलं नाही. लहानपणी मला वाटायचं की सरव्यात उरलंसुरलं, टाकाऊ जात असेल. एकदा वेचणाऱ्या एका आजीनं तिच्या ओट्यातली मूठभर शेंग माझ्या हातावर ठेवली आणि मी ती सवयीनं फोडून बघितली. सगळी टरफलं आतून काळीभोर होती. नंतर लक्षात आलं की ते तसंच असणार. आरी आधी सोडते ती पूर्ण भरलेली शेंग. कोवळी शेंग वेलाला घट्ट धरून वर येते. शेतातल्या सगळ्यात पिकलेल्या शेंगा मालकाच्या पोत्यात कधीच जात नाहीत, त्या मातीत राहतात, ज्यांचं शेत नाही त्यांच्यासाठी.